मेळाव्याआधी एकदा कारखान्याच्या गेटपर्यंत जाऊन या

परवा रात्री जेवणं झाल्यावर पुतणी लॅपटॉप घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. बी.एस्सी. केमिस्ट्री, शेवटचं वर्ष. आपल्या बडोद्याच्या युनिव्हर्सिटीत करिअर फेअर, म्हणजे नोकरी मेळावा आहे, येणाऱ्या कंपन्यांची यादी आली होती. "काका, यातल्या चांगल्या कुठल्या ते सांग ना." यादीतल्या निम्म्या कंपन्यांच्या गेटसमोरून ती लहानपणापासून ये-जा करते. मी म्हटलं, "आधी तू मला सांग, यातली कुठली काय बनवते?" ती गप्प झाली. जीएसएफसी (गुजरात स्टेट फर्टिलायझर्स अँड केमिकल्स) म्हणजे खत, इतकं तिला माहीत होतं. तिथेच कॅप्रोलॅक्टमही बनतं आणि त्यापासून नायलॉन होतो, हे माहीत नव्हतं. कॅप्रोलॅक्टमची रचना मात्र तिने लगेच कागदावर काढून दाखवली!

दोष तिचा नाही. घरात आम्ही पगाराविषयी बोलतो, कोण कुठे लागलं याविषयी बोलतो. तिथे आत काय चालतं, याविषयी कधीच बोलत नाही.

गेली काही वर्षं अशा मेळाव्यांत मी आमच्या कंपनीच्या स्टॉलवर बसतो, म्हणून ही पोस्ट लिहितोय. दिवसभरात शेकडो मुलं येतात. बहुतेक जण फाईल पुढे करतात, "सर, व्हेकन्सी आहे का?" विचारतात, मग "पॅकेज किती?" आणि पुढच्या स्टॉलकडे वळतात. संध्याकाळी माझ्यासमोर रेझ्युमेंचा गठ्ठा असतो आणि डोळ्यांपुढे एकही चेहरा येत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. त्या गठ्ठ्यात हुशार मुलं असतात, हे मला पक्कं ठाऊक आहे.

एक मुलगी मात्र आजही आठवते. तिने विचारलं, "तुमचं सांडपाणी चॅनेलमध्ये सोडण्याआधी त्याचा सीओडी (पाण्यातल्या प्रदूषणाचं एक माप) किती खाली आणावा लागतो?" आपल्याकडच्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं पाणी खंभातच्या आखाताकडे नेणारा ५० किलोमीटरहून लांब चॅनेल आहे, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विश्वामित्री नदीच्या पाण्याचे नमुने घेऊन तिने स्वतः टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबाने रसायन घालून मोजमाप, केलं होतं. आम्ही वीस मिनिटं बोललो. मागे रांग खोळंबली होती, तरी मी तिला थांबवलं नाही. तिचा रेझ्युमे मी गठ्ठ्यात ठेवला नाही, खिशात ठेवला. तिचे मार्क किती होते, हे मला आज सांगता येणार नाही.

माझ्या मते मेळाव्याची खरी तयारी ही एवढीच आहे. यादीतल्या सगळ्या स्टॉलवर फिरू नका. चार-पाच कंपन्या निवडा. त्या काय बनवतात, कच्चा माल कुठून येतो, माल कोण घेतं आणि तुमच्या विषयाचा माणूस तिथे कुठल्या खात्यात बसतो, हे शोधा. यातलं बरंचसं कंपनीच्या वेबसाइटवरच असतं. मेकॅनिकलची मुलं टाटा-एअरबसच्या विमान कारखान्याचं नाव घेतात. त्याचं उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्याच शहरात झालं. पण सी-२९५ हे मालवाहू लष्करी विमान आहे आणि भारताने मागवलेल्या ५६ पैकी ४० इथे तयार व्हायची आहेत, एवढं तरी वाचून जा. मग पुढचा प्रश्न आपोआप सुचतो.

या गावाला हे शिकवायला लागावं, याचं मला जास्त दुःख आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली ते हातांना आणि डोक्याला एकत्र काम मिळावं म्हणून. तिथले प्राध्यापक गज्जर, त्यांच्याबरोबर कोटिभास्कर आणि अमीन यांनी १९०७ मध्ये अॅलेम्बिक ही औषध-रसायनांची कंपनी उभी केली. म्हणजे वर्गात शिकवलेलं रसायनशास्त्र रस्ता ओलांडून कारखान्यात गेलं. त्याच कलाभवनाच्या इमारतीत आज टेक्नॉलॉजीची मुलं शिकतात.

रेझ्युमे एका पानाचा करा. वाचन, प्रवास, संगीत हे छंद काढून टाका आणि त्या जागेत प्रोजेक्ट लिहा. 'पाण्याचा अभ्यास केला' असं लिहू नका. किती नमुने, कुठले, काय मोजलं, काय निघालं, ते लिहा. दहा-पंधरा प्रती सोबत ठेवा, मोबाइलमध्ये पीडीएफ ठेवा. ज्या कंपनीत जायचंच आहे तिथे सुरुवातीलाच जाऊ नका. आधी दुसऱ्या एखाद्या स्टॉलवर बोलून घ्या, म्हणजे घसा मोकळा होतो.

आपल्या मराठी घरांतल्या मुलांना इंग्रजीची फार धास्ती असते. घरात मराठी, मित्रांत गुजराती, बाहेर हिंदी, आणि स्टॉलवर गेलं की तोंडाला कुलूप. नाव, विषय, प्रोजेक्ट, एवढी चार वाक्यं इंग्रजीत पाठ नव्हे, तयार ठेवा. त्यापुढे अडलात तर सरळ हिंदी किंवा गुजरातीत बोला. प्लँटमध्ये रात्रपाळीला व्हॉल्व्ह अडकला तर ऑपरेटर गुजराती नाहीतर हिंदीतच ओरडतो, आणि ते ज्याला कळतं तो माणूस आम्हाला हवा असतो. तीन-चार भाषा येतात हे रेझ्युमेत लिहा, मराठीसुद्धा लिहा.

अजून एक. 'अप्रेंटिस' शब्द ऐकला की आईवडील नाक मुरडतात. "ग्रॅज्युएट होऊन अप्रेंटिस?" १९६१ च्या कायद्याखालची ही रीतसर व्यवस्था आहे, स्टायपेंड मिळतो. वर्षभर क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या) लॅबमध्ये उभं राहिलेल्या मुलाशी पुढच्या मुलाखतीत बोलणंच वेगळं होतं, हे मी टेबलाच्या अलीकडून पाहिलंय. स्टॉलवर हा प्रश्न न लाजता विचारा. पालकांनो, कृपा करून आड येऊ नका.

आणि बोलणं झाल्यावर ज्याच्याशी बोललात त्याचं नाव तिथेच लिहून घ्या. दोन दिवसांत त्याला चार ओळींचा मेल करा, काय बोलणं झालं होतं याची आठवण देऊन. फार थोडी मुलं करतात, आणि आम्ही तो मेल वाचतो.

पुतणीने काल रात्री यादीतून चार नावं ठेवली, बाकी खोडली. शनिवारी मी तिला स्कूटरवर नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीत नेणार आहे. आत कुणी सोडणार नाही, पण टँकरवर काय लिहिलंय ते बाहेरून वाचता येतं आणि शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेर चहाच्या टपरीवर माणसं बोलतात.

दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या कुणाला रेझ्युमे दाखवायचा असेल तर रविवारी संध्याकाळी पाचनंतर घरी या, प्रिंट घेऊन या. नोकरी लावून देणं माझ्या हातात नाही. लाल पेन घेऊन बसेन आणि वेळ देईन.