ओव्हरक्लॉक केला म्हणून वॉटर कूलिंगच हवं? स्टुडिओच्या पीसीसाठी हे अजिबात पटत नाही

म्युझिक प्रोडक्शनसाठी पीसी बनवतोय असं नुसतं म्हटलं तरी कोणीतरी एक मेसेज पाठवतोच, गेले कित्येक महिने तो फिरतोय. त्यात म्हटलंय की प्रोसेसर ओव्हरक्लॉक करणार असाल, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणार असाल, तर पत्रे आणि पंख्याच्या एअर कूलरचा नाद सोडा, लिक्विड म्हणजे वॉटर कूलिंगच शांत असतं. एअरच घ्यायचा झाला तर डब्यावर टीडीपीचा (किती वॉट उष्णता, त्याचा) आकडा सगळ्यात मोठा आणि डेसिबलचा आकडा सगळ्यात लहान असेल तो डोळे झाकून घ्या, पंखा एकच ठेवा कारण दोन पंखे म्हणजे दुप्पट आवाज, आणि काहीही झालं तरी तापमान ६० च्या वर जाऊ देऊ नका. वाचताना सगळं पटतं, पण हे गेमिंग पीसीचे ठोकताळे उचलून माइक असलेल्या खोलीत आणून ठेवलेत, आणि त्यापायी लोक भलत्या ठिकाणी पैसे घालतात म्हणून एकेक मुद्दा घेऊन सविस्तर लिहितोय.

"लिक्विड कूलिंगच शांत असतं"

लिक्विड कूलरमध्ये पाणी उष्णता फक्त वाहून नेतं, शेवटी ती रेडिएटरच्या पत्र्यांमधून हवेतच सोडायची असते आणि त्यासाठी पंखे लागतातच. म्हणजे पंखे तर आहेतच, वर एक पंप आला जो पीसी चालू असेपर्यंत थांबत नाही. पंपाचा आवाज आकड्यात लहान असतो पण तो एका ठरावीक सुरात येतो, बारीक गुणगुण, आणि नेमक्या शांत जागी म्हणजे गायक श्वास घेतो तिथे किंवा अकूस्टिक गिटारचा सूर विरत जातो तिथे तो कानाला लागतो. रेडिएटर चुकीच्या उंचीवर बसवला आणि पंप सगळ्यात वर आला तर हवेचे बुडबुडे पंपात जातात, मग खुळखुळ वेगळीच.

एअर कूलरच्या हीटपाइपमध्ये हलणारं काहीच नसतं. तांब्याच्या बंद नळीत अगदी थोडं पाणी कमी दाबाखाली भरलेलं असतं, प्रोसेसरच्या बाजूला त्याची वाफ होते, वर पत्र्यांपाशी वाफ थंड होऊन परत पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र थरातून ते खाली येतं. आवाज करणारा एकच भाग, पंखा, आणि तो किती फिरवायचा हे पूर्णपणे आपल्या हातात.

आता लिक्विडच्या बाजूने जे खरं आहे तेही सांगतो. २५० वॉट तासन्‌तास सलग काढायचे असतील, थ्रीडी रेंडरिंग वगैरे, तर ३६० मिलिमीटरचा रेडिएटर एअर कूलरला मागे टाकतो, यात वाद नाही. पण डीएडब्ल्यूचा, म्हणजे रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरचा, लोड तसा नसतो. एका ट्रॅकवरची प्लगइनची (इफेक्ट आणि वाद्यांच्या छोट्या सॉफ्टवेअरची) साखळी एकामागून एक चालते त्यामुळे ती बहुतेक वेळा प्रोसेसरच्या अनेक कोअरपैकी (काम करणाऱ्या भागांपैकी) एकाच कोअरवर पडते, आणि ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर (एका वेळी प्रोसेसरला दिलेला आवाजाचा तुकडा) म्हणजे जेमतेम २.६७ मिलिसेकंद, तेवढ्यात त्या कोअरने काम संपवलं नाही की क्लिक ऐकू आलाच. म्हणजे दोनतीन कोअर घाम गाळतायत आणि बाकीचे अर्धवट बसलेत असं चित्र असतं, एकूण उष्णता प्रोसेसर पूर्ण ताणून बघणाऱ्या स्ट्रेस टेस्टच्या जवळपासही जात नाही. सगळे कोअर पेटतात ते एक्स्पोर्टच्या, म्हणजे गाण्याची फाइल बनवायच्या वेळी, आणि तेव्हा कोणी माइकसमोर उभं नसतं, पंखा वाढला तर वाढू दे की.

शिवाय एकदोन कोअर तापतात तेव्हा अडचण चिपच्या त्या इवल्याशा भागातून उष्णता वरच्या झाकणापर्यंत येण्याची असते. तिथे मागे केवढा मोठा रेडिएटर आहे याने फार फरक पडत नाही.

"टीडीपीचा आकडा सगळ्यात मोठा बघून घ्या"

हा मुद्दा सगळ्यात जास्त घोळ घालतो. कूलरवर '२५० वॉट' लिहिलेलं असतं ते कोणत्या तापमानाला, पंखा किती वेगात असताना, कोणत्या चिपवर, हे ठरवणारं सगळ्या कंपन्यांना बांधील असं एकच मोजमाप नाही, त्यामुळे एकाचे २५० आणि दुसऱ्याचे २५० यांची तुलनाच होत नाही. प्रोसेसरच्या बाजूलाही तीच गत. इंटेलच्या १३९००के वर बेस पॉवर १२५ वॉट लिहिलीय आणि टर्बोची मर्यादा २५३ वॉट. एएमडीच्या ७९५०एक्स चा टीडीपी १७० पण सॉकेटमधून तो २३० वॉटपर्यंत ओढू शकतो. आकड्याला आकडा जुळवून कूलर घेणाऱ्याने यातला नेमका कोणता आकडा धरायचा?

आणि ओव्हरक्लॉक केल्यावर मूळ आकड्याला अर्थच उरत नाही. चिपची उष्णता साधारणपणे फ्रिक्वेन्सीच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. समजा एक प्रोसेसर ४.५ गिगाहर्ट्झला १.२० व्होल्टवर १४० वॉट खातोय. त्याला ५ गिगाहर्ट्झवर नेण्यासाठी १.३५ व्होल्ट द्यावे लागले तर वेग वाढला ११ टक्के आणि उष्णता वाढली जवळजवळ ४० टक्के, म्हणजे १९७ वॉटच्या घरात, चिपमधली विजेची गळती वाढते ती आणखी वेगळी. तोच प्रोसेसर ४.८ वर १.२५ व्होल्टला टिकत असेल तर गणित १६२ वॉटवर थांबतं. शेवटच्या २०० मेगाहर्ट्झसाठी ३५ वॉट!! त्या २०० मेगाहर्ट्झमध्ये कदाचित एखादा रिव्हर्ब जास्त चालेल, पण ते ३५ वॉट काढायला पंखा सतत वर राहणार आणि तो प्रत्येक टेकमध्ये रेकॉर्ड होणार. शांत पीसीची सुरुवात बायोसमधल्या (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधल्या) व्होल्टेजपासून होते, कूलरची निवड त्यानंतर, आणि हे त्या मेसेजमध्ये एका शब्दाने नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

अजून एक. नव्या प्रोसेसरवर सगळ्या कोअरना एकच फिक्स क्लॉक (वेग) लावला तर एकट्या कोअरचा बूस्ट, म्हणजे आपोआप वाढणारा वेग, उलट कमी होऊ शकतो, ७९५०एक्स स्वतःहूनच एका कोअरला ५.७ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि तेवढा क्लॉक सगळ्या कोअरवर धरणं साध्या कूलिंगने होत नाही. लाइव्ह गिटार अँप सिम्युलेटरमधून वाजवताना लागतो तो हाच एकट्या कोअरचा वेग, त्यामुळे ओव्हरक्लॉक करून लेटन्सीची (वाजवणं आणि ऐकू येणं यातल्या उशिराची) अडचण वाढली असंही होतं.

"डेसिबलचा आकडा सगळ्यात लहान तो घ्या"

नॉक्टुआ कंपनीचा एनएच-डी१५ हा २०१४ मधला कूलर घ्या, त्यावर २४.६ डेसिबल लिहिलेलं असतं, ते १५०० आरपीएमला (मिनिटाला १५०० फेऱ्यांना), आणि सोबत येणारी लो नॉइज वायर लावली की पंखा १२०० वर येतो आणि आकडा १९.२ होतो. कूलर तोच! म्हणजे आकडा कूलरचा नसून त्या वेगाचा आहे, आणि तुम्ही तो कूलर ७०० वर चालवणार असाल तर दोन्ही आकडे तुमच्या कामाचे नाहीत. शिवाय मोकळ्या हवेतला पंखा आणि पत्र्यांना चिकटवलेला, समोर जाळी असलेला पंखा यांचा आवाज सारखा नसतो.

दुसरी गोष्ट, हे आकडे ए-वेटेड असतात. म्हणजे कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात म्हणून मोजतानाच ते कमी धरलेले असतात, १०० हर्ट्झला तब्बल १९ डेसिबलने. माइक असं काही कमी धरत नाही. कमी नॉइजसाठी बनवलेल्या चांगल्या कंडेन्सर माइकचा स्वतःचा नॉइज ४ ते ७ डेसिबलच्या आसपास असतो, त्याच्यापुढे पीसीची घरघर सरळसरळ दिसते, आणि मग व्होकलवर कॉम्प्रेसर लावून १०-१२ डेसिबल मेकअप गेन दिला, म्हणजे दाबलेली पातळी परत वर आणली, की ती घरघर पण तेवढीच वर येते. कानाला ऐकू येत नव्हतं ते मिक्समध्ये ऐकू यायला लागतं ते असं.

म्हणून आवाज किती याच्या इतकंच तो कसा आहे हे बघा. सपाट वाऱ्यासारखा सूं आवाज ट्रॅकखाली लपतो. एका सुरात येणारी घूं लपत नाही. पंख्याचा सूर काढणं सोपं आहे, आरपीएमला ६० ने भागा आणि पात्यांच्या संख्येने गुणा. नऊ पात्यांचा पंखा १२०० वर असेल तर १८० हर्ट्झ, म्हणजे पुरुषाच्या आवाजाच्या बरोबर मधोमध. इक्यूने (ठरावीक सूर कमीजास्त करणाऱ्या साधनाने) तो कापायला गेलात तर गायकाचाही लगदा होतो.

"दोन पंखे म्हणजे दुप्पट आवाज"

सारख्याच वेगाचे दोन पंखे लावले तर ३ डेसिबल वाढतात, कानाला दुप्पट वाटायला साधारण १० लागतात. आणि दोन लावायचे ते वेग खाली आणण्यासाठीच. पंख्याचा आवाज वेगाबरोबर फार झपाट्याने पडतो, १२०० वरून ९०० वर आलात की अंदाजे ६ डेसिबल कमी. ३ गेले, ६ आले, फायदाच आहे. ड्युअल टॉवर कूलरमध्ये पत्र्यांचे दोन जाड गठ्ठे असतात, तिथे मधला पंखा काढून टाकणं म्हणजे पुढच्याला जास्त पळवणं.

पण या मुद्द्यात एक खरी मेख आहे जी मेसेजवाल्यांना सांगताच आली नाही. दोन पंखे एकाच वेगाच्या जवळपास फिरले की त्यांचे सूर एकमेकांत मिसळून डोलतात. एक १२०० ला, दुसरा १२१० ला, म्हणजे १८० आणि १८१.५ हर्ट्झ, सेकंदाला दीड वेळा आवाज फुगतो आणि बसतो, वूंऽ वूंऽ वूंऽ. तानपुरा लावताना तारा जवळ येतात तेव्हा जे डोलणं ऐकू येतं ना, तेच. तंबोऱ्यात ते हवंहवंसं वाटतं, शांत टेकमध्ये जीव नकोसा करतं. उपाय साधा आहे, दोन्ही पंखे मदरबोर्डवरच्या वेगवेगळ्या हेडरवर (जोडणीवर) लावून एकाचा वेग मुद्दाम एवढा कमी ठेवायचा की सूर इतके जवळ येणारच नाहीत. नॉक्टुआने २०२४ च्या डी१५ जी२ मध्ये दोन पंखे मुळातच किंचित वेगळ्या वेगाचे दिलेत ते याचसाठी.

"तापमान ६० च्या वर नको"

का नको? इंटेलच्या या चिप १०० अंशांना स्वतःला आवरतात, रायझन ७००० तर पूर्ण लोडला ९५ वर चालेल अशीच बनवलीय. सेशन चालू असताना ७५ अंश आणि पंखा ७०० वर, हे ६० अंश आणि पंखा १४०० पेक्षा कितीतरी चांगलं. भीती थ्रॉटलिंगची, म्हणजे फार तापून चिपने स्वतःला आवरण्याची बाळगा, तेव्हा क्लॉक पडतो आणि ऑडिओ तुटतो.

६० च्या हट्टापायी लोक फॅन कर्व्ह (कोणत्या तापमानाला पंखा किती पळेल ते) इतका चढा लावतात की एखादा जड सिंथ उघडला, कोअर क्षणात २० अंश वर गेला, पंखा बोंबलला, लगेच तापमान खाली, पंखा गप्प. हे चढउतार सलग आवाजापेक्षा जास्त त्रास देतात कारण कान सलग आवाजाला सरावतो, बदलाला नाही. किलोभर धातूचा कूलर एका सेकंदात तापत नसतो, मग पंख्याने एवढी घाई कशाला करायची? साधारण ७० पर्यंत कर्व्ह सपाट ठेवा, पुढे हळूहळू चढवा, आणि बायोसमध्ये स्टेप अप टाइम (पंख्याने वेग वाढवायला घ्यायचा वेळ) असेल तर तो वाढवा. हे सगळं बायोसमध्येच करा, कारण विंडोजमध्ये सतत सेन्सर वाचत बसणारी सॉफ्टवेअरं डीपीसी लेटन्सी (ड्रायव्हरच्या कामांमुळे ऑडिओला होणारा उशीर) वाढवू शकतात आणि मग कमी बफरला क्लिक यायला लागतात. काही लिक्विड कूलरना असलं सॉफ्टवेअर सोबत घ्यावंच लागतं.

मग घ्यायचा कोणता? सहा किंवा जास्त हीटपाइपचा ड्युअल टॉवर, कॅबिनेटमध्ये मावेल तेवढा मोठा. डी१५ ची उंची १६५ मिलिमीटर, डार्क रॉक प्रो ४ साधारण १६३, थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई १५५, आणि हा तिसरा बाकी दोघांच्या मानाने बराच स्वस्त असूनही काम चोख करतो. उंच रॅम असेल तर पुढचा पंखा वर सरकवावा लागतो आणि मग एकूण उंची वाढते, हे विकत घ्यायच्या आधी मोजा. पीसी गाडीत घालून शोला नेत असाल तर किलोभराहून जड कूलर मदरबोर्डवर लटकतोय हे लक्षात ठेवा, नेताना कॅबिनेट मदरबोर्ड खाली आणि कूलर त्यावर उभा राहील असं आडवं ठेवा.

आणि कूलर बदलायच्या आधी आवाज नक्की त्याचाच आहे का ते बघा, नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. नेहमीच्या गेनवर माइक ठेवून अर्धा मिनिट शांतता रेकॉर्ड करा, नॉर्मलाइझ करा (पातळी पूर्ण वर आणा), स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर लावा. जिथे टोक दिसेल ती फ्रिक्वेन्सी लिहून ठेवा, मग बायोसमध्ये सीपीयू पंख्याचा वेग शंभरदीडशेने बदलून परत रेकॉर्ड करा. टोक सरकलं तर दोषी तो पंखाच. नाही सरकलं तर ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय, कॅबिनेटचे पंखे, हार्ड डिस्क एकेक करून तपासा, आणि टोक ५० किंवा ६० हर्ट्झवर आणि त्याच्या पटींवर असेल तर ती अर्थिंगची किंवा केबलची घरघर आहे, त्यावर कोणताही कूलर चालणार नाही.