डुबुक आणि डॉल्फिनचा डोळा

दादा-वहिनी दहा दिवस बाहेरगावी जाणार होते आणि घर सांभाळायला मी. तसं त्या घरात सांभाळण्यासारखं काही नाही, झाडांना पाणी आपोआप पडतं, दिवे आपोआप लागतात, कुत्रं-मांजर काही नाही, म्हणून मी खुशीत हो म्हणालो, आणि माझं हो म्हणून झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "आणि भाऊजी, स्विमिंग पूलचं तर तुम्हाला काहीच बघायचं नाही, आपला डुबुक आहे ना, त्याला डोळे आहेत."

"काहीच बघायचं नाही" असं ज्या गोष्टीबद्दल सांगतात ना, तीच पुढे डोळ्यात तेल घालून बघत बसावी लागते, हा माझा आयुष्यभराचा अनुभव, पण तो मला नेहमी नंतर आठवतो.

डुबुक म्हणजे पूल साफ करणारा रोबोट. नाव पुतणीने ठेवलंय. दिसायला म्हणाल तर रणगाडा आणि प्रवासाची बॅग यांचं मूल. खाली रबरी पट्टे, पुढे गोल फिरणारा ब्रश, पोटात पंप, पाठीत गाळणीची टोपली, आणि नाकाच्या जागी कॅमेरा, त्याच्या दोन्ही बाजूंना एलईडी. कोरडा असताना दहा-अकरा किलो. पाणी भरलेला असताना किती, ते माझ्या कंबरेला विचारा.

निघायच्या आधी दादाने अर्धा तास त्याची वंशावळ सांगितली. पूर्वीचे क्लीनर आंधळे होते म्हणे. १९७४ साली दक्षिण आफ्रिकेत फर्डिनांड शोव्हिए नावाच्या इंजिनिअरने क्रीपी क्रॉली काढला, त्याला स्वतःची मोटर नाही काही नाही, पूलच्याच पंपाच्या ओढीवर तो तळाशी ठकठक करत वाट फुटेल तिकडे जायचा. दादाकडेही तसलाच एक ओढीवरचा होता, तो आता गॅरेजमध्ये नळीचं वेटोळं अंगावर घेऊन पडलाय. मग विजेवरचे रोबोट आले, ते भिंतीला आपटले की वळायचे. मग जायरोस्कोप आला, आपण किती वळलो ते त्यांना कळायला लागलं आणि ते शेत नांगरल्यासारखे सरळ तास मारायला लागले. मग अल्ट्रासॉनिक सेन्सर, म्हणजे आपटायच्या आधीच भिंत कळते. आणि आता हा कॅमेरा.

"हा नुसता बघत नाही, ओळखतो," दादा म्हणाला. "पानांचे, काटक्यांचे, वाळूचे ढिगाने फोटो दाखवून शिकवलेला असतो. कचरा दिसला की चालू रेघ सोडून तिकडे वळतो आणि गिळतो."

"आणि समजा चुकला तर?"

दादाने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी घरातल्या हुशार मुलाच्या मार्कांबद्दल शंका काढलीय. "अरे, एआय आहे ते."

पहिल्या दिवशी मी त्याला पाण्यात सोडला आणि तो बुडेचना. पाठ वर काढून मजेत तरंगत राहिला. दादाला फोन. तर आत हवा अडकलेली असते, दोन्ही हातांनी धरून बुडबुडे बंद होईपर्यंत दाबून ठेवायचा. मी काठावर गुडघे टेकून त्याला दाबून धरला, शेजारून कोणी बघितलं असतं तर पोलिसांनाच फोन केला असता. शेवटी डुबुक असा आवाज करून तो गेला खाली. मी अ‍ॅप उघडलं. अ‍ॅपची गंमत अशी की तो काठावर असतो तोवर हिरवा ठिपका, आणि डोकं पाण्याखाली गेलं की कनेक्शन गेलं. हा बिघाड नाही बरं का. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी पाणी पिऊन टाकतं, मायक्रोवेव्ह ओव्हन साधारण त्याच फ्रिक्वेन्सीवर पाणी तापवतो, मग त्या बिचाऱ्या लहरी दीड मीटर पाण्यातून ह्याच्यापर्यंत पोचणार कुठून. म्हणजे अ‍ॅपवर थांबवायचं बटण आहे, लाल, भलंमोठं, पण ज्या वेळी थांबवायची गरज असते त्या वेळी ते दाबून उपयोग नाही.

अडीच-तीन तासांनी बॅटरी संपत आली तसा तो भिंत चढून पाण्याच्या रेषेवर येऊन थांबला. फोनवर आलं, साफसफाई पूर्ण. सोबत कुठे कुठे फिरला त्याचा नकाशा. नकाशात एका ठिकाणी, पेन चालतंय का बघायला पोरं कागदावर गिरवतात ना, तसा नुसता काळा गोळा. आणि पूलच्या खोल कोपऱ्यात दहा-बारा पानं निवांत पसरलेली. टोपलीत काय, तर दोन पानं आणि एक मेलेला भुंगा.

मी म्हणलं असेल, पहिला दिवस आहे, नवीन माणूस बघून बुजला असेल.

दुसऱ्या दिवशी मी पोहायचा चष्मा लावला, काठावर पालथा झोपलो आणि तोंड पाण्यात घालून बघायला लागलो. तर त्या पूलच्या तळाला मोझॅइकमध्ये एक डॉल्फिन काढलाय. निळा, उडी मारणारा, चेहऱ्यावर हसू. आणि डोळ्याच्या जागी एकच काळी टाइल, दोन सेंटिमीटरची. आता पांढऱ्या-निळ्या तळावर एक काळा ठिपका म्हणजे डुबुकच्या हिशेबात काय, तर कचरा. त्याचा त्या डोळ्यावर डोळा होता! तो सरळ रेघ मारत यायचा, डॉल्फिनच्या पोटाशी आला की दिवे लावायचा, वळायचा, डोळ्यावरून ब्रश फिरवत जायचा, मग मागे सरकून परत बघायचा की गेला का. नाही गेला. परत ब्रश. परत मागे. मागे सरकल्यावर जे दोन सेकंद तो थांबायचा ना, ते बघून मला खरंच वाईट वाटायचं, चष्मा कपाळावर असताना घरभर चष्मा शोधणारी माणसं तशीच थांबतात. एका बैठकीत मी अकरा वेळा मोजलं, मग श्वास पुरेना. आणि ह्या सगळ्याच्या दीड हातावर एक खरंखुरं, बदामाच्या पानाएवढं पान पडलेलं. त्याला बाजूने पट्टा घासून गेला पण ते घ्यायचं काही सुचलं नाही.

रात्री दादाला फोन.

"दुपारी सोडला होतास का?"

"हो, मग?"

"दुपारी नको. तळाशी उन्हाची जाळी हलते ना, तिने कॅमेरा गोंधळतो. सावल्या हलतात, उजेडाचे पट्टे पळतात, त्याला वाटतं सगळंच पळतंय. संध्याकाळी सोड."

हे मला पटलं. लाटांचे उंचवटे भिंगासारखं काम करतात आणि उन्हाच्या त्या सोनेरी रेघा तळावर नाचत राहतात, मलाच त्या बघून गरगरतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडला. पण झालं असं की आदल्या दिवशी मी जाळीने पानं काढायला गेलो होतो आणि तळाचा सगळा बारीक गाळ उठवून ठेवला होता. त्या गढूळ पाण्यात ह्याने दिवे लावले, आणि धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावले की कसं समोर नुसती पांढरी भिंत दिसते, तसं ह्याचं झालं असणार, कारण तो तासभर पायरीपाशी अडून राहिला. मग गाळ खाली बसला, पाणी निवळलं, आणि तो कुठे गेला? डोळ्यापाशी!

मधे एक पीएचचं, म्हणजे पाणी किती आम्लाकडे झुकलंय ते दाखवणाऱ्या आकड्याचं, प्रकरण झालं ते थोडक्यात सांगतो कारण त्यात माझी इज्जत गेलीय. हा रोबोट घासतो आणि गाळतो, शेवाळ मारणं त्याच्या खात्यात येत नाही, ते क्लोरीनचं काम, आणि पीएच चढला की क्लोरीन असून नसल्यासारखं होतं. पट्टी बुडवून बघितली तर ८ च्या वर, पाहिजे ७.२ ते ७.८. मी तो खाली आणायला आम्ल ओतलं, डब्यावर माप लिहिलेलं असताना अंदाजपंचे ओतलं, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी म्हणते ६.८. मग सोडा टाकून वर आणा, मग परत जास्त, दोन दिवस ते पाणी आणि मी वरखाली होत होतो. आम्लाचं पाणी टाइलांच्या फटींत भरलेलं सिमेंट, म्हणजे ग्राउट, खातं हे मला नंतर कळलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाचव्या दिवशी मी डोळा झाकायचं ठरवलं. बुडी मारून त्यावर पांढरा नॅपकिन पसरला, चार कोपऱ्यांवर चार गोटे. साधा उपाय. डुबुक आला, नॅपकिन बघितला, आणि मला वाटतं इतका मोठा कचरा त्याने जन्मात बघितला नसावा, कारण तो असा काही धावला की बस. गोटे बाजूला, नॅपकिन ब्रशमध्ये, ब्रश जाम, लाल दिवा. तो तळाशी तोंडात नॅपकिन धरून बसला आणि मी वर.

तो पाण्यात असताना कोणी उतरायचं नाही असं वहिनींनी बजावलं होतं. म्हणून मी दांड्याची आकडी घेतली. आता काठावरून बघताना पाण्याचा तळ आहे त्यापेक्षा वर दिसतो, प्रकाश वाकतो, पाण्याचा अपवर्तनांक १.३३, त्यामुळे दीड मीटर खोल पाणी जेमतेम सव्वा मीटरच्या आत वाटतं. हे शाळेत मला पाच मार्कांना आलं होतं आणि मी बरोबर लिहिलं होतं. तरीसुद्धा मी आकडी त्याच्या हँडलला टेकेल एवढा वाकलो, आकडी टेकली नाही, अजून थोडा वाकलो, आणि मग पाच मार्क सगळे परत गेले.

पाण्यात पडल्यावर चप्पल वर तरंगत होती, दांडा हातात होता. त्या धक्क्याने का काय पण नॅपकिन सुटला, आणि ब्रश मोकळा झाला तसा डुबुक चालू झाला. वळला. दिवे माझ्या पायांवर. मी श्वास रोखून उभा. तो माझ्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर येऊन थांबला, तेच ते दोन सेकंद, मला नीट बघितलं, आणि वळून डोळ्याकडे निघून गेला. म्हणजे कचरा म्हणूनसुद्धा आपली दखल नाही. भिजण्याचं मला काही वाटलं नाही, हे लागलं.

त्यानंतर मी नाद सोडला. सकाळी मी जाळी घेऊन पानं काढायचो, संध्याकाळी तो डोळा घासायचा, अशी आमची कामाची वाटणी झाली. रोज फोनवर साफसफाई पूर्ण. त्या आंधळ्या जुन्या क्लीनरची मला फार आठवण यायची, त्याला काही दिसत नव्हतं म्हणून तो सगळीकडे जायचा.

नवव्या दिवशी संध्याकाळी मी टोपली धुवायला उघडली. झाकण काढलं, आतली बारीक जाळी काढली, नळाखाली धरली, तर खळ्ळ असा आवाज झाला. म्हणलं खडा असेल. बोटाने काढला. दोन सेंटिमीटरची काळी टाइल होती.

मी टॉर्च घेऊन पळत काठावर गेलो. डॉल्फिन हसत होता, तसाच उडी मारत होता, आणि डोळ्याच्या जागी चौकोनी पांढरा सिमेंटचा खळगा. आता ग्राउट काय चार दिवसांत सुटत नाही, ती टाइल आधीपासूनच सैल असणार, असं मी स्वतःला बऱ्याच वेळा सांगितलं. पण एक आहे, नऊ दिवस मी त्या यंत्राला मूर्ख म्हणत होतो, त्याने बघितलं ते शेवटी काढलं. आणि डोळा गेल्यावर दहाव्या दिवशी सोडला तर काय सांगू, सरळ रेघा, कोपरे, भिंती, पाण्याच्या रेषेवरचा मळसुद्धा घासून काढला. नकाशा बघा तर शाळेच्या एकरेघी वहीसारखा. एक पान शिल्लक नाही!

दुपारी मंडळी आली. दादा सामान टाकून आधी पूलपाशी गेला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "बघितलंस? तू उगाच रोज फोन करत होतास. काय चकाचक ठेवलाय त्याने."

"हो ना," मी म्हणालो. टाइल माझ्या खिशात होती, मांडीला टोचत होती.

पुतणी काठावर उकिडवी बसली. बराच वेळ बसली. मग म्हणाली, "बाबा, डॉल्फिनचा डोळा लागलाय."

"अगं पाणी हलतंय ना, म्हणून तसं दिसतं तुला," दादा म्हणाला.

"अपवर्तन," मी म्हणालो. "पाण्यात असं होतं."

तिने माझ्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, आणि फतकल मारून बसली. "मग पाणी थांबू दे," म्हणाली, "मी बघते."