परदेशातून: पैसा कोणाचा, नाटक कोण निवडतंय?

घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आठवडाभर एकच भांडण चालूये, परदेशी पैसा घेणारी संस्था म्हणजे एजंट की नाही. काकांचं म्हणणं, संस्कृतीचं काम सरकारनं करावं, १९५० पासून आयसीसीआर, म्हणजे सरकारची सांस्कृतिक संबंध परिषद, आहे की, मधे एनजीओ कशाला. मी जर्मनीत बसून लांबलचक उत्तर टाइप केलं आणि खोडलं, कारण काका अगदीच चुकत नाहीयेत. काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम १९५० ला बर्लिनमधे सुरू झाली, लेखक-विचारवंतांची स्वतंत्र संघटना म्हणून, पुढच्याच वर्षी मुंबईत परिषदही भरली, आणि १९६७ ला बाहेर आलं की मागून पैसा सीआयएचा. ज्यांना काहीच माहीत नव्हतं असे लेखकही त्यात बदनाम झाले.

पण इथं राहून कळतं की पैसा कोणाचा एवढ्यावरच प्रश्न संपत नाही. आपण ज्याला मॅक्सम्युलर भवन म्हणतो ते जर्मनीचं गोएथे इन्स्टिट्यूट, आणि ती कागदोपत्री सरकारी कचेरी नाहीच, नोंदणीकृत संस्था आहे, इथल्या भाषेत फेराइन. मोठा पैसा जर्मन परराष्ट्र खात्याचा, पण कुठला लेखक बोलवायचा, कुठलं नाटक करायचं हे संस्था ठरवते. सगळं गोडगोड नाही हं, २०२३ मधे खर्चाला कात्री लागली आणि जगभरातली नऊ केंद्रं बंद करायचं ठरलं.

आपल्याकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, त्याच्या २०२० च्या दुरुस्तीनं परदेशी पैशातल्या ऑफिसखर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली आणि तो पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायचीही बंदी. ऐकायला छान वाटतं, पण व्हिसाची पत्रं, हिशेब, फोनाफोनी हे ऑफिसातूनच होतं ना, आणि ज्या छोट्या ग्रुपला स्वतःचं एफसीआरए रजिस्ट्रेशन झेपत नाही तो मोठ्या संस्थेच्या आधारानं जे करायचा ते बंदच.

आमचंही एक छोटं फेराइन आहे. नोंदणीला सात सभासद लागतात, आम्ही मोजून सात, त्यात एक रिटायर्ड जर्मन बाई. पहिल्याच मीटिंगला आम्ही सहाजण तासभर यावरच, की आमच्या नाटकाला भारताच्या कौन्सुलसाहेबांना प्रमुख पाहुणे करायचं की अध्यक्ष, खुर्ची मधे की उजवीकडे. बाई मुकाट्यानं मिनिट्स लिहीत होत्या, मग पेन ठेवून म्हणाल्या, "ते नाटकात काम करणारेत का?"

शेवटी कौन्सुलसाहेबांना साधं निमंत्रण गेलं. आले, चौथ्या रांगेत बसले, आणि मध्यंतरानंतरही थांबले.