गाळीव संकट

सकाळची कॉफी पोटात जाण्याआधी माणसाला कुठलाही निर्णय घ्यायला लावू नये. पण कॉफी करायची तर आधी ठरवा: कागदी फिल्टर की धुऊन वापरायची स्टीलची जाळी?

कागदाचं घराणं खानदानी. 1908 साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये मेलिटा बेन्झ या गृहिणीने मुलाच्या वहीतला टीपकागद काढून भोकं पाडलेल्या पितळी भांड्यात घातला आणि कॉफीतला गाळ अडवला. (वह्या फाडण्याचं खातं एरवी मुलांकडे असतं.) कागद कॉफीतलं तेलही बरंचसं अडवतो. त्या तेलात कॅफेस्टॉल असतं, ते कोलेस्टेरॉल वाढवतं. म्हणून आमचे डॉक्टर कागदाच्या बाजूचे. ताई जाळीच्या बाजूची. रोज एक कागद कचऱ्यात जातो म्हटल्यावर ती माझ्याकडे असं बघते, की जणू मी जंगलतोडीचा ठेकेदार.

शिवाय तेल अडलं की चव अडली, असं जाळीवाले म्हणतात. खरं आहे, जाळीची कॉफी दाट लागते. फक्त शेवटचा घोट प्यायचा नसतो, हे ते पाहुण्यांना घोट घेऊन झाल्यावर सांगतात.

एकदा घ्या, वर्षानुवर्षं वापरा, ही जाळीची ख्याती. वापरतं सगळं घर, धुतो मी. चोथा सिंकमध्ये सोडला तर सिंक तुंबतं. जोरात घासली तर जाळी वाकते, हळू घासली तर भोकांत तेल साचून खवट वास येतो. मग गरम पाण्यात सोडा घालून तिला भिजत ठेवा. एवढी बडदास्त घरात दुसऱ्या कुणाची नाही.

तडजोड म्हणून कापडी फिल्टर आणला. तो वाळू द्यायचा नाही, साबण लावायचा नाही, पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवायचा. फ्रीजमधलं ते तपकिरी पाणी कुणीतरी सार समजून गरम करायला घेतलं, तेव्हा कापडाचं प्रकरण मिटलं.

कागदही साधा नाही म्हणा. पांढरा की तपकिरी, शंकू की सपाट बुडाचा? वर तो आधी गरम पाण्याने भिजवायचा, नाहीतर कॉफीला पुठ्ठ्याची चव.

हल्ली मी जाळीच्या आत कागद घालतो. चोथा कागदासकट उचलता येतो, जाळी नुसती विसळली की झालं. डॉक्टरांनी विचारलं तर कागद आहे. ताई आली की जाळी दाखवतो.