सूर्य पाचला घरी जातो

अंदमानात राधानगरच्या किनाऱ्यावर आमची बस पोहोचली तेव्हा सव्वापाच वाजले होते. आकाशात थोडं केशरी उरलं होतं, सूर्य मात्र नव्हता. मेहुण्यानं खिडकीतून मान बाहेर काढून क्षितिज तपासलं आणि टूर मॅनेजरला विचारलं, "अहो, सूर्य कुठाय?"

"गेला," मॅनेजर म्हणाला. "चहाचा दुसरा कप कोणी मागितला होता?"

सगळी बस माझ्याकडे बघायला लागली.

आता यात माझी काय चूक? अंदमान मुंबईच्या जवळजवळ वीस अंश पूर्वेला आहे. अंशाला चार मिनिटं धरली तर ऐंशी मिनिटांचा फरक पडतो. पण घड्याळ अख्ख्या देशाला एकच, तेही मिर्झापूरजवळच्या रेखांशावर लावलेलं. त्यामुळे डिसेंबरात इथला सूर्य पाचच्या सुमारास सरकारी नोकरासारखा टेबल आवरून निघून जातो. मेहुण्यानं निघण्याआधी सहलीचा एक्सेलमध्ये तक्ता केला होता. त्यात लिहिलं होतं: 'राधानगर, सूर्यास्त, ५.४५ ते ६.३०.' हा अंदाज अलिबागचा होता. २००४ साली 'टाइम' मासिकानं ज्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं, तो आम्ही मोबाइलच्या टॉर्चवर पाहिला. वाळू मऊ होती. एवढं नक्की सांगतो, कारण ती बुटात गेली.

याच तक्त्यात दुसऱ्या दिवशी 'हॅवलॉक' होतं आणि तिसऱ्या दिवशी 'स्वराज द्वीप'. हॅवलॉकचं नाव २०१८ साली बदललं, हे मेहुण्याच्या कानावर आलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो बॅग भरून हॉटेलच्या दारात उभा. "भाऊजी, स्वराज द्वीपची बोट किती वाजता आहे?" तो उभा होता ती फरशी स्वराज द्वीपाचीच होती. ते सांगितल्यावर त्यानं शांतपणे तक्त्यात दोन टिकमार्क केले. एका बेटात दोन बेटं उरकल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर अजून आहे.

तिथल्याच एलिफंट बीचवर स्नॉर्कलिंग झालं. तिथे हत्ती नाहीत. तिथे एक सडपातळ पोरगा असतो, तो तुमच्या डोळ्यांवर काचेचा मुखवटा चढवतो, तोंडात नळी कोंबतो आणि माझ्याकडे बघून म्हणतो, "सर, मूछ है, पानी आएगा." पस्तीस वर्षं सांभाळलेल्या मिशीचा असा अपमान सासुरवाडीतही झाला नव्हता. त्यानं मिशीवर व्हॅसलीन थापलं. तरी पाणी आलंच. प्रवाळ सुंदर असतं असं बायको सांगते. मी जे पाहिलं त्यात निळं पाणी, नाकात गेलेलं खारं पाणी, आणि एक पट्टेरी मासा. तो माझ्याकडे तसाच बघत होता जसा मी दर महिन्याला विजेच्या बिलाकडे बघतो.

पण खरा छळ बाराटांगचा. रात्री अडीचला खोलीतला फोन वाजला. इतक्या रात्री आमच्या घरी फोन वाजला तर पहिला प्रश्न "कोण गेलं?" असाच असतो. बायकोनं झोपेत तोच विचारला. पलीकडून मॅनेजर उत्साहात म्हणाला, "सगळेच जाणार आहेत काकू, तीनला खाली या." नाश्ता पुठ्ठ्याच्या डब्यात: ब्रेडचे चार तुकडे, एक केळं आणि उकडलेलं अंडं. मावशीचा गुरुवार होता, म्हणून तिचं अंडं माझ्याकडे आलं. तीन वाजता दोन अंडी खाणारा माणूस मी पहिल्यांदा आरशात पाहिला.

एवढी घाई ताफ्यासाठी. जिरकाटांगच्या नाक्यावर सगळ्या गाड्या एकत्र करून ठरलेल्या वेळी पुढे सोडतात, कारण पुढचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. वाटेत थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. नियम चांगलाच आहे. तरी मागच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजलं, "दिसतील का?" ड्रायव्हरनं आरशातून बघितलं आणि विचारलं, "साहब, आपके घर में कोई बस से झाँके तो?" त्यानंतर बाराटांगपर्यंत आमच्या बसइतकी सभ्य बस त्या रस्त्यावर गेली नसेल. अर्थात निम्मी बस झोपलीही होती.

मग गाडी फेरीबोटीवर, मग खारफुटीतून स्पीडबोट, मग दीडेक किलोमीटर चाल. शेवटी चुनखडीची गुहा. गाइडनं बॅटरी मारली. "ये गणेशजी, ये कमल." मी आजवर जेवढ्या गुहांत गेलो तेवढ्यांत गणपती निघाला आहे, एवढा प्रवास तर उंदरालाही जमला नसता. दहा मिनिटांत मॅनेजरनं टाळ्या वाजवल्या. "चला मंडळी, परतीचा ताफा!" दहा मिनिटांच्या गुहेसाठी बारा तास. मेहुण्यानं टिकमार्क केला.

सेल्युलर जेलमध्ये मात्र मॅनेजर एकदाही 'चला' म्हणाला नाही. सावरकरांच्या कोठडीपाशी मावशीनं कुणी न सांगता चपला काढल्या, मग सगळ्यांनीच काढल्या. खाली कोलूपाशी, म्हणजे तेलाच्या घाण्यापाशी, गाइडनं सांगितलं, कैद्याला दिवसाला तीस पौंड तेल काढावं लागे. मेहुण्यानं मोबाइलवर पौंडाचे किलो केले. साडेतेराच्या वर आले. मग त्यानं मोबाइल खिशात घातला आणि त्या दिवशीचा रकाना कोराच राहिला.

दुसऱ्या दिवशी नॉर्थ बे. बोटीत गाइड म्हणाला, "सब लोग बीस का नोट निकालिए." वीस रुपयांच्या नोटेवर छापलेलं दृश्य आता प्रत्यक्ष दिसणार होतं. पंचवीस जणांनी पाकिटं उघडली. पंचवीसच्या पंचवीस नोटा नव्या, हिरवट-पिवळ्या, आणि त्यांवर वेरूळ! आमच्या संभाजीनगरचं लेणं बघायला आम्ही बंगालच्या उपसागरात आलो होतो. "पुराना, लाल वाला," गाइड हताश होऊन म्हणाला. शेवटी त्यानं खिशातून लॅमिनेट केलेली जुनी नोट काढून उंच धरली. आम्ही सगळ्यांनी त्या नोटेचे फोटो काढले. मागचं दृश्य बघायला कुणाला सवड झाली नाही.

नंतर कळलं, ते चित्र नॉर्थ बे लांबून दिसतं तसं आहे. म्हणजे त्या वेळी आम्ही नोटेच्या आत बसलो होतो. मग दिसणार कसं?

मावशीचं या सगळ्याकडे लक्ष नव्हतं. तिनं प्रत्येक किनाऱ्यावर खाली बघून सहल केली आणि रुमालात शिंपले, प्रवाळाचे तुकडे जमवले. विमानतळावर ते सगळे काढून घेतले, प्रवाळ नेणं गुन्हा आहे म्हणून. "समुद्राचंच होतं ते, राहू दे," असं ती म्हणाली खरी, पण विमानात कुणाशी बोलली नाही.

पुण्यात उतरल्यावर तिनं कोपऱ्यावरच्या बाईकडून मेथीची जुडी घेतली. सुट्ट्या पैशांत एक जुनी लाल वीसची नोट आली. मावशीनं ती उजेडात धरली. नारळाची झाडं, समुद्र, लांबवर दीपगृह.

"काय सुंदर जागा आहे रे," ती म्हणाली. "ही का नाही दाखवली आपल्याला?"

मेहुण्यानं मोबाइल काढून तक्ता उघडला. "दिवस सहावा, सकाळी अकरा," तो म्हणाला. "टिकमार्क आहे, मावशी."