खोट्या सहीबद्दल फिरणारा तो मेसेज चुकीचा आहे

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला तीनदा आला. एकदा गावाच्या ग्रुपवर, एकदा सोसायटीच्या ग्रुपवर आणि एकदा भाच्याकडून. मजकूर थोडक्यात असा : "कास्तकार बंधूंनो, तुमच्या नावाने कोणी खोटा कागद केला तर घाबरू नका. कागद फॉरेन्सिक लॅबला पाठवा. सही कोणाची, कोणत्या तारखेला केली, करताना माणूस घाबरलेला होता का, हे मशीन शंभर टक्के सांगते. झेरॉक्स असली तरी चालते. दोन सह्या एकावर एक ठेवून तंतोतंत जुळल्या तर सही खरी समजा. लॅबचा रिपोर्ट कोर्टाला मानावाच लागतो. आणि शक्यतो अंगठाच द्या, अंगठ्याची नक्कल होत नाही."

मी तीसेक वर्षं तहसीलसमोर अर्जनवीस म्हणून बसतो. हस्ताक्षरतज्ज्ञ नाही. पण माझ्या टेबलावरून गेलेले काही कागद पुढे तज्ज्ञांकडे गेले, त्यांचे अहवाल मी वाचले, काही साक्षी कोर्टात मागच्या बाकावर बसून ऐकल्या. मेसेज लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल. पण त्याच्या भरवशावर राहिलेला माणूस वावर, म्हणजे शेत, घालवून बसू शकतो, म्हणून हे उत्तर.

आधी ते सह्या एकावर एक ठेवण्याचं घेऊ, कारण ते पार उलटं आहे. कोणताही माणूस दोन सह्या तंतोतंत सारख्या करत नाही. आत्ता कागदावर दहा सह्या करून बघा. शेवटचं अक्षर कधी लांबेल, शिरोरेषा कधी वर चढेल, वेलांटी कधी आखूड पडेल. हा फरक नैसर्गिक आहे आणि तज्ज्ञ तोच शोधतात. दोन सह्या खिडकीच्या काचेवर धरल्यावर केसाचाही फरक न राहता जुळल्या, तर उलट शंका घ्यायची, कारण बहुतेक त्यातली एक दुसरीवरून गिरवलेली असते.

गिरवणारा माणूस सही लिहीत नाही, तो तिचं चित्र काढतो. त्यामुळे रेघ सावकाश जाते, दाब सगळीकडे सारखा राहतो, पेन अक्षराच्या मधेच थांबतो आणि तिथे शाईचा ठिपका साचतो. तुटलेली रेघ नंतर जोडलेली भिंगाखाली दिसते. देवनागरीत शिरोरेषा फार बोलकी असते. कोणी पूर्ण नाव लिहून शेवटी एका झटक्यात वर रेघ ओढतो, कोणी प्रत्येक अक्षराला तुकडा देतो, कोणी देतच नाही. नक्कल करणारा अक्षरांचा आकार पाहतो, पण रेघ कुठून सुरू झाली आणि कोणत्या दिशेने गेली हे त्याच्या ध्यानात येत नाही. म्हाताऱ्या माणसाची सही थरथरते, म्हणून ती खोटी ठरत नाही. वयाची थरथर वेडीवाकडी असते, पण हात सवयीच्या वाटेनेच जातो. भीत भीत नक्कल करणाऱ्याची थरथर बारीक आणि एकसारखी असते, आणि तो नेमका जिथे खरा माणूस कधी थांबत नाही तिथे थांबतो.

आता ‘मशीन शंभर टक्के सांगते’. उपकरणं असतात, त्यात खोटं नाही. सूक्ष्मदर्शक असतो. अतिनील प्रकाशात खोडलेली जागा उजळते. डोळ्याला सारख्या निळ्या दिसणाऱ्या दोन शाया अवरक्त प्रकाशात वेगळ्या पडतात. वरच्या पानावर लिहिताना खालच्या पानावर उमटलेला नुसता दाब तिरप्या उजेडात वाचता येतो. पण हे सगळं फक्त दाखवतं. मत माणूस देतो, आणि ते आपल्या राज्यात बहुतेक वेळा सीआयडीतल्या दस्तऐवज परीक्षकांकडून येतं. ‘पुरेसे नमुने नसल्यामुळे मत देता येत नाही’ असाही अहवाल येतो.

या नमुन्यांवरच सगळं अवलंबून असतं आणि आपली माणसं नेमकी इथे कमी पडतात. पोलीस ठाण्यात बसून आज केलेल्या वीस सह्या वीस वर्षांपूर्वीच्या सहीशी जुळवायला अपुऱ्या ठरतात. त्याच काळातल्या, दोन्ही बाजूंना मान्य अशा सह्या लागतात. बँकेत खातं उघडल्याचा फॉर्म, सोसायटीच्या कर्जाचा बाँड, ग्रामसभेचं हजेरी रजिस्टर, पोराच्या शाळेतला अर्ज, रोजगार हमीचं मस्टर, अशा ठिकाणी त्या सापडतात. नमुनाच चुकीचा असेल तर मोठे तज्ज्ञही फसतात. 1983 मध्ये जर्मनीत हिटलरच्या म्हणून डायऱ्या निघाल्या. हस्ताक्षरतज्ज्ञांनी अक्षर जुळतं म्हणून सांगितलं, कारण तुलनेला दिलेल्या कागदांतही त्याच नकलाकाराने बनवलेले कागद मिसळलेले होते. शेवटी पितळ उघडं पाडलं ते कागदानेच. दुसऱ्या महायुद्धानंतर वापरात आलेलं, कागद पांढरा करणारं रसायन त्यात निघालं.

‘कोणत्या तारखेला सही केली’ हे मात्र कोणतंही मशीन सांगत नाही. बॉलपेनच्या शाईतले द्रावक हळूहळू उडतात, त्यावरून शाई ताजी आहे की जुनी याचा अंदाज लावायच्या पद्धती आहेत. पण त्या साधारण पहिल्या दीड-दोन वर्षांपुरत्याच कामाच्या, त्यासाठी कागदाचे बारीक तुकडे काढावे लागतात, आणि कागद उन्हात ठेवला होता की पेटीत, यावरही उत्तर बदलतं. पंधरा वर्षांपूर्वीच्या सहीची तारीख शाईवरून काढून देतो म्हणणाऱ्याला एक पैसा देऊ नका.

कागदाचं वय बहुतेक वेळा कागदावरचा मजकूरच सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मंगरूळपीर भागातला एक कास्तकार माझ्याकडे आला. त्याने फेरफाराचा अर्ज केला होता आणि समोरच्याने हरकत घेताना एक ताबापावती जोडली होती. पावतीवर तारीख 1994 ची, आणि वावर तेव्हाच विकून ताबा दिल्याचं लिहिलेलं. त्याचा बाप 1996 मध्येच गेला होता. मी विचारलं, सही खोटी आहे का? तो म्हणाला, "सही बाबाचीच हाये भाऊ, ते मी नाकारत नाई. पण बाबानं वावर इकलं असतं त मायले सांगतलं असतं." पेरणीला पैसे घेताना बापाने कोऱ्या कागदावर सही करून दिली होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्याचा पुरावा काय?

तहसीलमध्ये मूळ कागद पाहायला मिळाला. लेजर पेपर होता, दस्त लिहायला वापरतात तो जाड कागद. वरच्या ओळी ऐसपैस, दोन बोटं अंतर ठेवून लिहिलेल्या. सहीच्या जवळ येता येता ओळी दाटत गेल्या, शेवटच्या तीन तर एकमेकींवर चढलेल्या, आणि शेवटच्या शब्दाची मात्रा सहीच्या शिरोरेषेला भिडलेली. आधी मजकूर आणि मग सही असेल तर ओळींना अशी दाटी व्हायचं कारण नाही. पण माझी नजर अडकली ती पहिल्याच ओळीवर : ‘ता. मंगरूळपीर, जि. वाशीम’. वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला 1 जुलै 1998 ला. 1994 मध्ये मंगरूळपीर अकोला जिल्ह्यात होतं. जो माणूस 1996 मध्ये वारला, त्याने 1998 नंतर लिहिलेल्या मजकुराखाली सही कशी केली? हरकतदाराने आधी सांगितलं की जुना कागद फाटला म्हणून नंतर नवीन लिहून काढला. मग नव्या कागदावर मेलेल्या माणसाची पेनची सही कुठून आली, याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तहसीलदारांनी तो कागद विचारात घेतला नाही.

त्या मेसेजच्या सांगण्यावरून तो कागद फक्त सही तपासायला गेला असता तर? अहवाल आला असता : सही अस्सल. आणि त्या अस्सल सहीनेच पोराचं वावर गेलं असतं. सही खरी असणं आणि सहीवरचा मजकूर खरा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विदर्भात सावकारी कागदांत भांडण बहुतेक वेळा दुसऱ्या गोष्टीचं असतं. म्हणून तज्ज्ञाला नुसतं ‘सही कोणाची’ एवढंच विचारू नका. मजकूर आणि सही एकाच वेळची दिसते का, रेघा जिथे एकमेकींना कापतात तिथे आधी कोणती आणि नंतर कोणती, कागदाला घडी पडल्यावर त्यावरून पेन गेला का, हेही विचारायला वकिलांना सांगा.

अशा खुणा आपल्याकडे पुष्कळ आहेत. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 चा, गोंदिया 1 मे 1999 चा. विदर्भ 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता आणि महाराष्ट्र झाला 1 मे 1960 ला. नवे पैसे आले 1 एप्रिल 1957 ला, पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला. आजोबांच्या नावावर खपवलेला 1955 चा कागद ‘महाराष्ट्र राज्य’ म्हणत असेल, तर त्याला लॅबची गरजच नाही. स्टॅम्पपेपर असेल तर मागच्या बाजूला विक्रेत्याचा नंबर, तारीख, घेणाऱ्याचं नाव असतं, आणि त्याची नोंद विक्रेत्याच्या रजिस्टरमध्ये असते. ती आधी काढा.

सही करताना माणूस घाबरलेला होता का, हे अक्षरावरून कोणी सांगत नाही. अक्षरावरून स्वभाव ओळखतो म्हणणारे वेगळे. त्यांचा कोर्टाच्या कामाशी संबंध नाही.

झेरॉक्सचं म्हणाल तर त्यात दाब नाही, शाई नाही, पेन उचलल्याच्या खुणा नाहीत. एका कागदावरची सही कापून दुसऱ्यावर चिकटवली आणि झेरॉक्स काढली, तर सांधा दिसेलच असं नाही. म्हणून तज्ज्ञ मूळ कागद मागतात. तो समोरच्याकडे असेल तर कोर्टामार्फत हजर करायला लावा. आणि तुमच्याकडे असेल तर कृपा करून लॅमिनेशन करू नका. ‘कागद जपला’ म्हणून लोक मला कौतुकाने लॅमिनेट केलेली जुनी चिठ्ठी दाखवतात तेव्हा पोटात गोळा येतो. आता त्या शाईला कोणी हात लावू शकत नाही, आणि प्लास्टिक काढायला गेलं तर शाई सोबत निघते. टाचणी मारू नका, नवी घडी पाडू नका, संशयित सहीभोवती पेनने गोल करू नका. साध्या कागदी लिफाफ्यात ठेवा, आणि लिफाफ्यावर जे लिहायचं ते कागद आत घालायच्या आधी लिहा.

‘रिपोर्ट कोर्टाला मानावाच लागतो’ हेही चूक. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 39 प्रमाणे (जुन्या कायद्यात कलम 45) तज्ज्ञाचं मत हा पुराव्याचा भाग आहे, निकाल नाही. मुरारीलाल विरुद्ध मध्य प्रदेश या 1980 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही टोकं टाळली. तज्ज्ञाच्या मताला दुसरा आधार असलाच पाहिजे असा नियम नाही, पण ते सावधपणे तपासून घ्यावं, असं सांगितलं. सावधपणा का, ते फ्रान्सच्या लष्करातल्या ड्रेफस या अधिकाऱ्याला विचारायला हवं होतं. 1894 मध्ये बर्तियाँसारख्या नावाजलेल्या पोलीस अधिकाऱ्याने हेरगिरीच्या एका चिठ्ठीबद्दल ‘अक्षर त्याचंच’ म्हटलं, त्याला जन्मठेप झाली, अक्षर दुसऱ्याचं होतं, आणि तो निर्दोष ठरायला 1906 उजाडलं.

कायद्यात आणखी एक वाट आहे, तिच्याबद्दल कोणी मेसेज पाठवत नाही. कलम 41 प्रमाणे ज्याला त्या माणसाचं अक्षर ओळखीचं आहे त्याचीही साक्ष चालते. ज्याच्यासमोर तुमच्या बापाने वर्षानुवर्षं सही केली तो सोसायटीचा गटसचिव, ती शाळेतली बाई, तो पोस्टमन. ही माणसं म्हातारी होत चालली आहेत. त्यांना आत्ताच भेटा. आणि कलम 72 प्रमाणे कोर्ट स्वतःही सह्या ताडून पाहू शकतं. या सगळ्यात मुदत विसरू नका. खोटा दस्त रद्द करून घ्यायचा दावा, कळल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो. लॅब काय म्हणते याची वाट पाहत बसणाऱ्यांची ही मुदत निघून जाते.

राहिला अंगठा. अंगठ्याच्या रेषा आईच्या पोटात असताना घडतात आणि मरेपर्यंत बदलत नाहीत. ठसा नीट उमटला असेल तर तो सहीपेक्षा कितीतरी भक्कम पुरावा आहे, हे मान्य. 1858 मध्ये बंगालमध्ये हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या ठेकेदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला, तो पुढे त्याने आपली सही नाकारू नये म्हणून. पण तहसीलच्या आवारात अंगठा कसा घेतात ते बघा. शाईच्या डबीत बोट बुचकळून कागदावर दाबतात आणि फिरवतात. निळा डाग उरतो, रेषा एकही नाही. कापूस वेचून, निंदून झिजलेल्या हाताच्या रेषा तशाही फिक्या असतात. 2008 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ठसा पुसट किंवा फिका असेल तर तज्ज्ञाशिवाय न्यायालयाने स्वतः तुलना करून निष्कर्ष काढायला कचरावं.

आणि ठसा अगदी स्वच्छ असला तरी तो एवढंच सांगतो की हे बोट या कागदाला लागलं. वर काय लिहिलं आहे ते बोटाला माहीत नसतं. सही येत असताना अंगठा देणारा माणूस तर आपल्याला वाचता येत होतं हेही पुसून टाकतो. म्हणून सही येत असेल तर सहीच करा, आणि ती शेवटच्या ओळीला चिकटून करा. अंगठाच असेल तर हलकी शाई, एकदाच टेकवलेलं बोट, आणि त्याआधी दोन माणसांसमोर मोठ्याने वाचून घेतलेला मजकूर. कागदावर जी जागा कोरी राहील तिच्यावर तिरपी रेघ ओढायला लावा. माझ्या टेबलावर आलेल्या कागदावर ती मी ओढतो, कोणी सांगितलं नाही तरी.