जिभेला टोपडं

मी ज्या घरात वाढलो तिथे उघडी अशी वस्तूच नव्हती. मिक्सरला कव्हर, शिलाई मशीनला कव्हर, टीव्हीला क्रोशाचं कव्हर, रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत आणि वरून रबरबँड. अशा घरातल्या मुलाला कॅनडातल्या विनिपेगमध्ये, पन्नाशीला आल्यावर, एका कव्हरसाठी दोन उन्हाळे वणवण करावी लागली.

झालं काय, की मी 1974 सालचा बोलर घेतला. बोलर म्हणजे गाडीच्या मागे जोडून न्यायची फायबरग्लासची 13 फुटी खोली. वरचा अर्धा, खालचा अर्धा, मोदकाच्या साच्यासारखे कमरेशी जोडलेले. हा प्रकार इथलाच, विनिपेगचा. रे ओलेको नावाच्या गृहस्थाने 1968 मध्ये तो बाजारात आणला आणि आकारावरून बोलर हॅटचं, म्हणजे गोल घुमटाच्या इंग्रजी टोपीचं, नाव त्याला दिलं. त्याआधी याच गृहस्थाने फायबरग्लासची हलकी सेप्टिक टाकी तयार केली होती आणि ट्रेलरची कल्पना त्यातूनच निघाली. हा इतिहास मी बायकोला ट्रेलर घेतल्यावर सांगितला. घेण्याआधी सांगायला हवा होता, असं तिचं आजही म्हणणं आहे.

या खोलीच्या पुढे लोखंडाचा एक त्रिकोण निघतो आणि गाडीमागच्या गोळ्यावर जाऊन बसतो. त्याला म्हणतात टंग, म्हणजे जीभ. जिभेवर गॅसचा सिलिंडर असतो, 20 पौंडी. साधारण नऊ किलो गॅसचा, आपल्या लाल सिलिंडरचा धाकटा भाऊच. त्याच्या शेजारी बॅटरी. दोघांवर मिळून एक टोपडं, ते टंग कव्हर. माझ्या ट्रेलरबरोबर आलेलं पिवळट पडलं होतं, पण होतं. त्याचे रबरी पट्टे उणे 30 खाऊन खाऊन तुटले होते. मी पायजम्याची नाडी बांधली.

हायवे 16 वर, मिनेडोसाच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना कनोला पिवळाधमक फुललेला. आरशात बघतो तर एक पांढरं काहीतरी उडत चाललंय. मला वाटलं पेलिकन. बायको म्हणाली, "पेलिकनला नाडी असते का?" मी गाडी बाजूला घेईपर्यंत मागून येणाऱ्या ट्रकने त्याच्या ठिकऱ्या केल्या होत्या. नाडी तेवढी सापडली.

मग शोध सुरू झाला. पहिल्या दुकानात काउंटरवरचा माणूस "बोलर?" म्हणून उभाच राहिला. त्याच्या आजोबांकडे होता म्हणे. चुलीवर बीन्स, वरच्या बंकवर तो आणि धाकटा भाऊ, आजोबांचं घोरणं, सगळं ऐकवलं. कव्हर? ते नाही. दुसऱ्या दुकानात एका बाईंचा मधुचंद्र बोलरमध्ये झाला होता. तोही, नको तितक्या तपशिलात, ऐकला. पेट्रोल भरायला थांबलो तरी कुणी ना कुणी येऊन ट्रेलरच्या गालावरून हात फिरवून जायचं. या प्रांतात कव्हर कुणाकडेच नाही. आठवण मात्र प्रत्येकाकडे.

नवं मागवलं. खोका उघडला तर आत टोपडं कसलं, पाळणाच. ते निघालं दोन सिलिंडर शेजारी शेजारी बसतील अशा बेताचं. थोरल्या भावाचा रेनकोट धाकट्याला घातल्यासारखं माझ्या जिभेवर लोंबायला लागलं, आणि पुढच्या जॅकचा दांडा फिरवायला गेलं की अर्ध्या फेरीत त्याच्यावर आपटायचा. परत पाठवायचा खर्च बघून मी ते बागेत उलटं ठेवलं. त्यात आता पुदिना आहे.

मग गिमलीला कुणाकडे तरी जुनं कव्हर असल्याचं कळलं. विनिपेग सरोवराच्या काठचं गाव, नव्वदेक किलोमीटर. सकाळीच निघालो. कव्हर सुरेख होतं, पण ट्रिलियम नावाच्या दुसऱ्या ट्रेलरचं. आमच्या जिभेची मापं जुळेनात. रिकाम्या हाताने कसं परतायचं म्हणून पिकरेल मासे घेऊन आलो. रात्री तिखट-हळद लावून, रव्यात घोळवून तळले. या सगळ्या प्रकरणात मनासारखी झालेली एवढी एकच गोष्ट.

शेवटी पुरुषार्थ जागा झाला. ओलेकोने टाकी केली, मी टोपडं करू शकत नाही? फायबरग्लासची चटई आणली, रेझिन आणलं, एक बादली उलटी ठेवून साचा केला. रेझिनमध्ये हार्डनर थेंबाथेंबाने मोजून घालायचं असतं. मी फोडणीत तेल घालतात तसं अंदाजाने घातलं. पाच मिनिटांत डबा हाताला चटका देऊ लागला, धूर आला, आणि रेझिन, ब्रश, डबा यांचा एकच ठोकळा झाला. चटई कापताना उडालेली कूस अंगाला लागली ती निराळीच. शाळेत असताना एकदा खाजकुयलीच्या वेलाखाली चेंडू शोधला होता, त्यानंतर इतका मी कधी नाचलो नव्हतो.

त्याच आठवड्यात सांगलीहून आई आली. ट्रेलरला एक प्रदक्षिणा घालून जिभेपाशी थांबली.

"अरे, सिलिंडर असा उघडा? रस्त्यावर?"

"कव्हर मिळत नाही, आई."

"मिळत नाही म्हणजे?" तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की दोन पिढ्यांचे संस्कार वाया गेले. "टेप आण."

माप घेतलं तिने, वीतभर जास्त धरून. रेक्झिन आणलं, गर्द मरून. खालूनही बंद करणार होती, मिक्सरसारखं, तेव्हा मी आडवा पडलो. सांगितलं, की गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, त्याला वाट हवी. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तो वर चढतो, त्याला वर वाट हवी.

"एक खाली, एक वर," आई म्हणाली. "तुझे दोन काका." आणि तिने तळ मोकळा सोडला, वर जाळीच्या दोन खिडक्या लावल्या, सिलिंडरच्या चावीपाशी चेनचं दार केलं आणि कडेने पांढरं पायपिंग घातलं. जॅकच्या दांड्यासाठी बाजूला खाच ठेवली, ती मी न सांगता. खाली नाडी ओवली. तीच.

रायडिंग माउंटनला क्लिअर लेकवर जाऊन आलो, तोच हायवे, तेच वारं. हललं नाही.

ऑक्टोबरात आई परत गेली. नोव्हेंबरात व्हिडिओ कॉल.

"कव्हर कसंय?"

"बाहेर आहे. उणे 28 आहे, आई."

"वेडा आहेस का? रेक्झिन तडकेल. आत आण आधी."

आत आणलं. पुसलं, घडी घातली, प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरून रबरबँड लावला. ते आता कपाटात आहे. जीभ बाहेर बर्फात, उघडीच.